आई माझ्यावर ‘अवलंबून’ आहे हे कागदावर सिद्ध कसे करावे? (कंपनीचा आरोग्य विमा)

भोरकर

नमस्कार. मी पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी करतो. आमच्या सामूहिक आरोग्य विम्याचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे आणि या वर्षी प्रथमच कंपनीने सर्व कर्मचाऱ्यांकडून विम्यातील कुटुंबीयांच्या पात्रतेचे पुरावे मागवले आहेत. पत्नी आणि मुलीचे कागद एका संध्याकाळी जमले. अडचण आईच्या बाबतीत आहे आणि ती दुहेरी आहे.

पहिली अडचण नावाची. आईचे माहेरचे नाव कुसुम. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहिले गेले ते सुनंदा, आणि पुढे भोरमध्ये सगळे तिला सुनंदा म्हणूनच ओळखू लागले. माझ्या जन्मदाखल्यावर आईचे नाव सुनंदा आहे. आधार कार्ड काढताना मात्र तिने ट्रंकेतला शाळा सोडल्याचा दाखला दाखवला, त्यामुळे आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक या सर्वांवर कुसुम हे नाव आले. कागदोपत्री पाहिले तर मी ज्या बाईचा मुलगा आहे आणि मी ज्या बाईचा विमा काढतो आहे, त्या दोन वेगळ्या बायका ठरतात.

दुसरी अडचण मला अधिक टोचते आहे. अर्जासोबत आईच्या सहीचे एक निवेदन हवे आहे : ‘मला स्वतःचे कोणतेही उत्पन्न नाही आणि मी माझ्या मुलावर पूर्णतः अवलंबून आहे.’ आईने चष्मा लावून ते दोनदा वाचले, कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि ती म्हणाली, “हे खोटं आहे. मी सही करणार नाही.” वडील गेल्यावर तिने वीस वर्षे डबे करून आम्हा दोघा भावंडांना शिकवले. आज तिला वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून दरमहा २,४०० रुपये विधवा निवृत्तिवेतन मिळते. शिवाय ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तिने स्वतः साठवलेले ६ लाख रुपये आहेत, त्यांवर ८.२ टक्के दराने दर तिमाहीला १२,३०० रुपये व्याज येते. ती माझ्याकडे राहते, तिचा औषधोपचार मी करतो, पण तिच्या दृष्टीने ती कुणावर अवलंबून नाही. मला तिचे म्हणणे पटते आणि विमाही हवा आहे, कारण तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया याच वर्षी करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

अशा परिस्थितीत आपण काय केले, हे जाणकारांनी कृपया सांगावे. कागद देण्याची मुदत १५ दिवसांची आहे.

निशिगंधा

नावाचा गोंधळ आमच्याही घरी झाला होता. सासूबाईंची तीन कागदांवर तीन नावे होती. ‘एकच व्यक्ती’ असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतले आणि तेवढ्यावर भागले. कागदाचा खर्च मात्र धरून चाला, कारण ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या मुद्रांकाऐवजी ५०० रुपयांचा घ्यावा लागतो.

अण्णा_मुकुंदनगर

मी केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालो असून गेली अनेक वर्षे सीजीएचएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचा, लाभार्थी आहे. तेथे ‘अवलंबित’ या शब्दाला आकडा आहे, म्हणून तो सांगतो. आईवडिलांचे सर्व मार्गांनी येणारे मासिक उत्पन्न ९,००० रुपये अधिक त्यावरील महागाई भत्ता यापेक्षा कमी असेल, तर ते अवलंबित समजले जातात. महागाई भत्ता जानेवारी २०२४ पासून ५० टक्के झाला तेव्हा ही मर्यादा १३,५०० रुपयांवर गेली, आणि भत्ता वाढेल तशी ती वाढत राहते. ९,००० ही केंद्राच्या किमान निवृत्तिवेतनाचीच रक्कम आहे. उत्पन्न शून्य असावे असे तेथे कोणी म्हणत नाही.

भोरकर, आपल्या आईंचे उत्पन्न मोजून पाहा. व्याजाचे महिन्याला ४,१०० आणि निवृत्तिवेतनाचे २,४००, असे एकूण ६,५०० रुपये होतात. सरकारी मापाने त्या निःसंशय अवलंबित आहेत. मात्र आपल्या कंपनीने सही मागितलेले वाक्य या मापाचे नाही. ‘कोणतेही उत्पन्न नाही’ हे विधान चुकीचे आहे आणि त्यावर सही न करण्यात आपल्या आई बरोबर आहेत.

चाकणचा_फिटर

आमच्याकडे ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, आहे. पगार २१,००० पर्यंत असेल तर त्यात नाव लागते. आईवडिलांच्या उत्पन्नाची मर्यादा तिथेही महिना ९,००० आहे. मुलगा शिकत असेल तर २१ वर्षांपर्यंत, आणि मुलगी लग्न होईपर्यंत. माझ्या मुलाचे नाव कॉलेजचा बोनाफाईड दाखला वेळेवर दिला नाही म्हणून अडकले होते, तेवढे लक्षात ठेवा. वडिलांच्या नावावर गावाकडे सातबारा आहे, पण त्यातून येते किती? ते आम्ही घोषणापत्रात जसे आहे तसे लिहिले आणि काही त्रास झाला नाही.

वकील_शिवाजीनगर

वर दोन वेगळ्या प्रश्नांची सरमिसळ झाली आहे, ती आधी सोडवू. ‘ही माझी आई आहे’ हा नात्याचा पुरावा, आणि ‘ही माझ्यावर अवलंबून आहे’ हा अवलंबित्वाचा पुरावा. नाते सिद्ध करणारा कागद अवलंबित्व सिद्ध करत नाही, आणि उत्पन्नाचा दाखला नाते सिद्ध करत नाही. विमा कंपनीला यांपैकी नेमके काय हवे आहे, हे पाहिल्याशिवाय कागदांच्या मागे धावू नये.

नात्याच्या पुराव्याविषयी दोन गोष्टी नोंदवतो. आधार कार्डावर पूर्वी ‘यांचा मुलगा’, ‘यांची पत्नी’ असे लिहिलेले असे. आता बहुतेक कार्डांवर ‘केअर ऑफ’ एवढेच येते, त्यामुळे आधारवरून नाते सिद्ध होईल असे गृहीत धरू नये. जन्मतारखेबाबतही तसेच आहे. अपघात नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. भोरकरांच्या मातोश्रींनी ट्रंकेत जपलेला तो दाखला म्हणूनच मोलाचा आहे. त्याची मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नका, साक्षांकित प्रत द्या.

भोरकर, आपला पासपोर्ट असेल तर त्याच्या शेवटच्या पानावर आईचे कोणते नाव छापले आहे ते पाहा. ते कुसुम असेल, तर नात्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

नावाबाबत निशिगंधाताईंनी सांगितलेले प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी चालते. कायमचा उपाय हवा असेल, तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावाची नोंद प्रसिद्ध करून घ्यावी. अर्ज ऑनलाइन करता येतो, पण १५ दिवसांत तो कागद हाती येईल या भरवशावर राहू नये.

अवलंबित्वाच्या निवेदनाबाबत माझे मत ठाम आहे. असत्य विधान शपथेवर करणे हा गुन्हा आहे. गुन्ह्याची बाब क्षणभर बाजूला ठेवली, तरी उद्या दावा मोठा आला आणि विमा कंपनीच्या तपासनिसाने बँकेचे व्याज पाहिले, तर आपलेच निवेदन आपल्याविरुद्ध पुरावा ठरेल. एखादा कागद कमी असेल तर तो नंतर देता येतो, पण सही केलेला खोटा कागद परत घेता येत नाही.

शलाका

हा धागा वाचून मला माझा प्रश्न मांडण्याचा धीर आला. मी विवाहित आहे आणि माझी आई विधवा असून सिंहगड रस्त्यावर एकटी राहते. मी एकुलती एक आहे. आमच्या कंपनीत आईवडील किंवा सासूसासरे यांपैकी एकच जोडी घेता येते, आणि ती अट मला मान्य आहे. सासूसासऱ्यांचा विमा दिरांकडे आहे, म्हणून मी आईचे नाव दिले. त्यावर मला विचारण्यात आले की विवाहित मुलीची आई तिच्यावर अवलंबून कशी असू शकते. सोबत नवऱ्याचे ‘ना हरकत’ पत्र आणावे असेही सुचवण्यात आले. नवऱ्याने ते त्याच क्षणी लिहून दिले असते, पण मी मागितले नाही. माझ्या आईला मी सांभाळते, यासाठी मला तिसऱ्या कुणाची परवानगी का लागावी?

वकील_शिवाजीनगर

शलाकाताई, आपण ते पत्र मागितले नाही हे योग्य केले. कायद्याची बाजू स्पष्ट आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार वृद्ध आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी या दोघांवरही आहे. १९८७ मध्ये कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीवरही वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी येते असा निर्णय दिला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही ‘अपत्य’ या व्याख्येत मुलगी आहे. जिच्यावर निर्वाहाची जबाबदारी कायद्याने टाकली आहे, तिची आई तिच्यावर अवलंबून असू शकत नाही असे म्हणता येणार नाही. हे मुद्दे एका पानावर लिहून द्या आणि त्या पत्राची पोच घ्या.

सायली_एचआर

मी गेली अकरा वर्षे मनुष्यबळ विभागात आहे आणि अशी पडताळणी आमच्याकडे मी स्वतः केली आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. सामूहिक विम्यात हप्त्याचा सर्वांत मोठा भार आईवडिलांच्या संरक्षणाचा असतो, आणि दाव्यांचे प्रमाण वाढले की नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनी हप्ता वाढवते. काही कर्मचारी आत्याला आई म्हणून दाखवतात, नोकरीला लागलेल्या मुलाचे नाव तसेच ठेवतात. त्याचा भुर्दंड प्रामाणिक माणसाला पडतो. त्यामुळे पडताळणीला माझा विरोध नाही.

पण शलाकाला जे सुचवले गेले ते चूक होते, आणि भोरकरांचा अर्जही मला खटकतो. अशा अर्जांचे मसुदे बहुतेक वेळा मागच्या कंपनीतून किंवा दलालाकडून आलेले असतात आणि वर्षानुवर्षे कोणी ते मूळ पॉलिसीशी ताडून पाहत नाही. भोरकर, एक काम करा. मनुष्यबळ विभागाकडे मास्टर पॉलिसीतील (विमा कंपनीशी झालेल्या मूळ सामूहिक करारातील) ‘कुटुंब’ आणि ‘अवलंबित’ या शब्दांच्या व्याख्यांचे पान लेखी मागा. निम्म्या वेळा प्रश्न तिथेच सुटतो.

आणखी एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. लग्न किंवा बाळाचा जन्म झाल्यावर बहुतेक सामूहिक पॉलिसींमध्ये ३० दिवसांच्या आत नाव द्यावे लागते. ती मुदत गेली तर नूतनीकरणापर्यंत थांबावे लागते. बाळाच्या जन्मदाखल्यावर नाव यायला वेळ लागतो म्हणून लोक थांबतात. थांबू नका, नाव नसलेल्या दाखल्यावर किंवा रुग्णालयाच्या कागदावर नोंद करून घ्या आणि दाखला नंतर जोडा.

आरोहीची_आई

सायलीताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहिते. आमची मुलगी दत्तक आहे. जन्मदाखल्यावर आई आणि वडील म्हणून आमचीच नावे आहेत. तरीही अर्जात ‘अपत्याचा प्रकार’ असा रकाना होता आणि त्यात ‘औरस’ व ‘दत्तक’ असे दोन पर्याय होते. ‘दत्तक’ लिहिले की आदेशाची प्रत मागतात. १ सप्टेंबर २०२२ पासून हे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे प्रत मिळवणे अवघड नाही. पण तो कागद कंपनीतल्या पाच टेबलांवरून जावा हे आम्हाला नको होते. दत्तक अपत्याला सर्व हक्क औरस अपत्याचेच असतात, म्हणून मी रकाना रिकामा ठेवला, जन्मदाखला जोडला आणि ‘नात्याचा पुरावा सोबत जोडला आहे’ एवढे लिहिले. नोंद झाली. ज्यांच्या घरी हा प्रसंग येईल त्यांनी आधी जन्मदाखलाच द्यावा. तो पुरेसा आहे.

सुभेदार_वानवडी

ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, अनुभव सांगतो. आमच्याकडे सर्व काही पार्ट टू ऑर्डरवर, म्हणजे युनिटने काढलेल्या वैयक्तिक नोंदींच्या आदेशावर, चालते. लग्न झाले, मूल झाले की युनिटमध्ये ती नोंद व्हायलाच हवी. ज्यांनी सेवेत असताना ती केली नाही, ते निवृत्तीनंतर रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रव्यवहारात अडकतात. माझ्या एका सोबत्याच्या मुलीचे नाव नोंदीत एका अक्षराने चुकले होते. ते दुरुस्त होईपर्यंत तिला पॉलिक्लिनिकमध्ये पाहिले गेले नाही. त्यामुळे तरुण मंडळींना माझे सांगणे आहे की आजारपण येण्याआधी कागद पाहून घ्या.

तन्मय_बाणेर

मला मार्चमध्ये २५ पूर्ण झाली आणि अजून नोकरी नाही, एम.एस्सी. चालू आहे. बाबांच्या कंपनीच्या विम्यातून नाव गेले की मी उघडाच. यावर काही उपाय आहे का?

सायली_एचआर

तन्मय, आधी एवढे पाहा की पॉलिसी वर्षाच्या मध्ये वय पूर्ण झाले तर वर्षअखेरपर्यंत संरक्षण चालू राहते का. अनेक पॉलिसींमध्ये ते राहते. दुसरे म्हणजे, सामूहिक विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येते आणि आधी काढलेला प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात काही आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही) त्यात धरला जातो. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. बाबांना विम्याची मुदत संपण्यापूर्वी अर्ज करायला सांगा, नंतर नव्हे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, त्यामुळे स्वतंत्र पॉलिसी पूर्वीइतकी महाग पडणार नाही.

अपर्णा_औंध

वयाचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझा मुलगा २७ वर्षांचा आहे आणि त्याला जन्मतः सेरेब्रल पाल्सी आहे. तो २५ वर्षांचा झाला त्या वर्षी माझ्या कंपनीच्या विम्यातून त्याचे नाव आपोआप वगळले गेले. मला कोणी कळवले नाही. जानेवारीत त्याला न्यूमोनिया झाला आणि रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभी असताना मला समजले की माझा मुलगा आता माझ्यावर अवलंबून नाही. ज्याला मी रोज घास भरवते, त्याच्याविषयी संगणकाने हे ठरवले होते.

नंतर मी पॉलिसी वाचली. त्यात शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्या अपत्याला वयाची मर्यादा नाही असे एक कलम होते, फक्त प्रमाणपत्र देणे आवश्यक होते. औंधच्या जिल्हा रुग्णालयातून काढलेले प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) आमच्याकडे होतेच, पण मागितले नाही म्हणून मी ते कधी दिले नव्हते. नाव परत लागले, पण त्या वेळचे बिल मात्र आम्हीच भरले. आता मी दर वर्षी नूतनीकरणाच्या आधी दोन्ही प्रती ईमेलने पाठवते आणि उत्तर आल्याशिवाय स्वस्थ बसत नाही.

अशा मुलांसाठी नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता व बहुविकलांगता असणाऱ्यांना घेतले जाते. मूल अठरा वर्षांचे झाले की जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्वही घेऊन ठेवावे, कारण पुढे सही करण्याचा प्रश्न येतो.

निशिगंधा

अपर्णाताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बहिणीचा मुलगा २३ वर्षांचा आहे. तिला आजच फोन करते.

कर्वेनगर_जोशी

एक शंका. आईवडील अवलंबित नसतील तर प्राप्तिकरात ८०डी ची सवलतही मिळत नाही ना? मग भोरकरांनी ते निवेदन दिलेले बरे.

अण्णा_मुकुंदनगर

जोशीसाहेब, हा गैरसमज मी अनेकांकडून ऐकला आहे. कलम ८०डी मध्ये आईवडिलांसाठी अवलंबित्वाची अट नाही. ती अट मुलांसाठी आहे. आईवडील ज्येष्ठ नागरिक असतील तर त्यांच्या हप्त्यापोटी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, मात्र फक्त जुन्या करप्रणालीत, आणि हप्ता रोखीने भरलेला नसावा. तेव्हा करासाठी त्या निवेदनाची काहीही गरज नाही.

चाकणचा_फिटर

एक विचारायचे आहे. कंपनीने आईच्या सहा महिन्यांच्या बँक पासबुकाची प्रत मागितली तर द्यावी का? आमच्या शेजारच्या कंपनीत मागितली आहे.

वकील_शिवाजीनगर

पॉलिसीत उत्पन्नाची मर्यादा असेल, तरच उत्पन्नाचा पुरावा मागण्याला अर्थ आहे. त्यासाठीही तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुरतो. तो आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. आई कोणत्या औषधाच्या दुकानात किती पैसे देते आणि कोणत्या देवस्थानाला देणगी पाठवते, हे पाहण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याला मिळत नाही. आधारची प्रत द्यायची झाल्यास फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी द्यावी, ती अधिकृत संकेतस्थळावरून मिळते.

आणि कोणाचा दावा अवलंबित्वाच्या कारणावरून नाकारला गेला, तर विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झाले नाही, तर नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत विमा लोकपालांचे कार्यालय आहे. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे घेतल्या जातात, शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. मी स्वतः वकील असूनही हे सांगतो, कारण तेथे माणसाने स्वतःच आपले म्हणणे मांडावे अशीच व्यवस्था आहे.

शलाका

कळवायचे राहिले होते. मी वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे एका पानाचे पत्र दिले. चार दिवसांनी आईचे नाव लागले. ‘ना हरकत’ पत्राचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. पत्राच्या पोचेवर शिक्का मारून घेतला आहे आणि ती आईच्या फाइलमध्ये ठेवली आहे.

भोरकर

सर्वांचे आभार. बारा दिवसांनी लिहितो आहे, कारण काही निश्चित घडल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

सायलीताईंच्या सल्ल्याप्रमाणे मी व्याख्यांचे पान ईमेलने मागितले. दोन स्मरणपत्रांनंतर ते आले. त्यात कुटुंब म्हणजे कर्मचारी, जोडीदार, २५ वर्षांपर्यंतची अवलंबित अपत्ये, आणि ‘आईवडील’ असे लिहिले आहे. ‘अवलंबित’ हे विशेषण फक्त अपत्यांना लावले आहे. आईवडिलांपुढे ते नाही, आणि उत्पन्नाची कोणतीही मर्यादा नाही. ज्या वाक्यावर आईने सही नाकारली, ते विमा कंपनीने कधी मागितलेच नव्हते.

मी ते पान छापून, त्या ओळीखाली रेघ मारून, मनुष्यबळ विभागात घेऊन गेलो. तेथील बाईंनी पॉलिसी आणि अर्ज शेजारी ठेवून वाचले आणि मान्य केले. आईसाठी निवेदनाचा नवा मसुदा त्यांनीच लिहिला : ‘मी या कर्मचाऱ्याची आई असून त्याच्या घरी राहते.’ आईने तो वाचला, ‘त्याच्या घरी’ हे शब्द खोडून ‘त्याच्यासोबत’ असे लिहिले, आणि सही केली. खाडाखोडीजवळही तिने छोटी सही केली, बँकेत करतात तशी.

नावासाठी ५०० रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र केले. वकीलसाहेब म्हणाले तसा जुना पासपोर्टही शोधला, पण त्यावर आईचे नाव सुनंदाच निघाले. नोटरीच्या टेबलावर तिने शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नाची पत्रिका शेजारी शेजारी ठेवली, पत्रिकेवर ‘चि. सौ. कां. कुसुम’ आहे, हे मलाच माहीत नव्हते. राजपत्राचा अर्जही भरला आहे, तो आला की हा प्रश्न कायमचा सुटेल.

अण्णा, आपण मांडलेला ६,५०० रुपयांचा हिशेब मी आईला दाखवला. सरकारी मापाने ती अवलंबित ठरते हे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “सरकारला आकडा लागतो, ते ठीक आहे. पण ‘उत्पन्न नाही’ असं मी लिहिणार नव्हते.” मलाही तेच म्हणायचे होते, पण मुदतीच्या घाईत मी तिला सही करण्याचा आग्रह एकदा केला होता. तो मी करायला नको होता, हे मी तिला सांगितले.

विमा कार्ड काल आले. नाव बरोबर आहे, कुसुम. जन्मवर्ष मात्र १९५७ ऐवजी १९५१ पडले आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी आधारवर एक वय आणि कार्डावर दुसरे असे नको, म्हणून दाखल्याची प्रत जोडून दुरुस्तीचे पत्र आजच दिले. पोच घेतली आहे. दुरुस्त कार्ड आले की येथे कळवीन.

सायली_एचआर

पत्राची एक प्रत टीपीएलाही (विमा कंपनीतर्फे दावे हाताळणाऱ्या संस्थेला) पाठवा, भोरकर. दावा ते पाहतात, आणि त्यांच्या नोंदीत वय बदलले की नाही हे वेगळे तपासावे लागते.

भोरकर

आत्ताच पाठवली.